पाटीवर नाखवा, चुलीपाशी भंडारी

ठाणे पूर्वेला, स्टेशनातून चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूने चालत गेल्यावर आठ-दहा मिनिटांत मासळीचे एक हॉटेल लागते. बारा टेबलांचे, तळमजल्यावरचे, सहज ओलांडून पुढे जावे असे. मी थांबलो तो पाटीमुळे. पाटीवर शिडाची होडी रंगवलेली आहे आणि तिच्याखाली मालकांच्या आडनावाच्या आधी 'नाखवा' हा शब्द मोठ्या, वळणदार अक्षरांत लिहिला आहे. ज्याची तीस वर्षे प्रुफे तपासण्यात गेली, त्याला भूक लागलेली असली तरी आधी शब्दच दिसतो. हॉटेलचे पूर्ण नाव मी येथे देत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी येणार आहेत त्या सुधारण्याजोग्या आहेत आणि त्यांतली एक मालकांनी सुधारायला घेतलीही आहे. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी संपून नारळी पौर्णिमाही उलटल्यावर, दोन महिन्यांत मी तेथे तीनदा जेवलो. पहिल्या वेळी पत्नी आणि मेहुणे सोबत होते, पुढच्या दोन्ही वेळा एकटाच गेलो.

मेन्यूकार्डाच्या पहिल्या पानावर 'नाखवा म्हणजे कोण?' असा मथळा देऊन चार ओळी छापल्या आहेत. होडीच्या नाकावर उभा राहून जो वाट दाखवतो तो नाखवा, म्हणजेच हा शब्द 'नाक' यावरून आला, असे त्या ओळींचे म्हणणे आहे. ओळी वाचायला गोड आहेत, पण चुकीच्या आहेत. होडीच्या पुढच्या टोकाला दर्यावर्दी मराठीत नाक नव्हे, नाळ म्हणतात. आणि ज्याच्या हाती होडीची वाट असते तो माणूस पुढे उभा नसतोच, तो मागे सुकाणूपाशी असतो. पुढे उभा राहणारा फार तर खडक दिसला किंवा दुसऱ्याचे जाळे आडवे आले, की ओरडून सांगतो.

नाखवा हे फारसी 'नाखुदा' या शब्दाचे आपल्या किनाऱ्यावर रुळलेले रूप आहे, आणि नाखुदा म्हणजे मूळचा 'नाव-खुदा'. यातली 'नाव' आपल्या चांगल्या ओळखीची आहे. नौका, नाविक, नावाडी ज्या 'नौ'पासून आले, तिचीच ती फारसीतली बहीण. 'खुदा' या शब्दाचा जुना अर्थ धनी, स्वामी असा आहे आणि देव हा अर्थ त्यातूनच वाढला. फारसीत घराच्या किंवा गावाच्या कारभाऱ्याला 'कदखुदा' म्हणत, आणि मराठी जुन्या पत्रव्यवहारात जो 'खाविंद' पानोपानी भेटतो, तो 'खुदावंद'च आटून झालेला आहे. तेव्हा नाखुदा म्हणजे नावेचा खाविंद, एवढा सरळ अर्थ. भराभर बोलताना 'नाव-खुदा'तला व गळाला आणि नाखुदा झाला. कोळ्यांच्या तोंडी तो आणखी घासला जाऊन द-ही गेला आणि उरलेल्या 'नाखुआ'चा नाखवा झाला. रोज वापरातल्या शब्दाचे असेच व्हायचे, दोरखंड जसा कप्पीवरून जाऊन जाऊन गुळगुळीत होतो तसे.

माझ्या मेहुण्यांना उर्दू शायरीचा नाद आहे. मी हे सांगत असताना त्यांनी वेगळाच सिद्धांत मांडला: ज्याला खुदा नाही, तो ना-खुदा. शायरांनी खुदा आणि नाखुदा यांना एका ओळीत इतक्या वेळा समोरासमोर उभे केले आहे, की असा भास होणे साहजिक आहे. परंतु येथला 'ना' नकाराचा नाही, नावेचा आहे. नाराज, नापसंत, नालायक यांच्या पंगतीत नाखुदाला बसवता येणार नाही. मेहुण्यांना हे पटले नाही. आमचा वाद रंगला तोपर्यंत पत्नीने बोंबलांची अर्धी ताटली संपवली होती, आणि तिचे बरोबरच होते.

बोंबील हा या हॉटेलातला पहिल्या प्रतीचा पदार्थ आहे. सहा तुकड्यांना २८० रुपये घेतात. बोंबील म्हणजे जवळपास पाणीच. पोट चिरून, मीठ लावून, वजनाखाली दाबून ते पाणी काढले नाही तर तव्यावर त्याचा लगदा होतो, आणि फार दाबले तर नुसता पापड हाती येतो. येथे दोन्ही झाले नव्हते. कडा कुरकुरीत, मध्ये लोण्यासारखा मऊ, मधला काटा दाताखाली आला हेसुद्धा कळू नये असा. वर रव्याचा खरखरीत थर नव्हता, तांदळाच्या पिठाचा पातळ हात होता आणि त्यातून मसाल्याचा लाल रंग दिसत होता. सोबतची तांदळाची भाकरी हाताने थापलेली, फुगून पदर सुटलेली, आणि मुख्य म्हणजे मागाल तेव्हा गरम. मांदेली चांगली, पण तीन ठिकाणी मिळते तशीच. निवट्यांचे सुके मात्र मुद्दाम घ्यावे. खाडीच्या चिखलात सरपटणारा हा लहानसा मासा आगरी-कोळी घरांबाहेर फारसा शिजत नाही, आणि हॉटेलच्या मेन्यूवर तर क्वचितच दिसतो. येथे तो लसूण, हळद, कोळी मसाला आणि चिंचेवर परतून देतात, खोबऱ्याचा लवलेशही न घालता.

याउलट सुरमईचे कालवण निराशाजनक होते. टोमॅटो आणि खोबऱ्याच्या वाटणाचा दाट रस्सा, वर तेलाचा तवंग. हाच रस्सा कोळंबीला आणि पापलेटलाही वापरतात, हे तीन वाट्या शेजारी ठेवल्यावर लगेच कळले. मासा बदलतो, रस्सा तोच. पापलेटसमोर मेन्यूकार्डात 'आकाराप्रमाणे' एवढेच छापले आहे. आम्ही न विचारता मागवले आणि तळहाताएवढ्या पापलेटचे ८५० रुपये मोजले. चूक आमची, पण ऑर्डर घेणाऱ्याने भाव आपणहून सांगायला हवा होता. सोलकढीचा गुलाबी रंग आमसुलाचा नव्हता.

जेवण आटोपत आले तेव्हा मालक टेबलापाशी आले. पन्नाशीचे, बोलके गृहस्थ. मी मेन्यूकार्डातल्या ओळींविषयी विचारले तेव्हा ते मोकळेपणी म्हणाले, की त्या छापखान्यातल्या मुलाने कुठूनतरी शोधून घातल्या. "पण काका, आमचे आजोबा खरोखरचे नाखवा होते. दोन होड्या होत्या त्यांच्या. स्वतः कधी सुकाणू धरलं नाही हां, तांडेल ठेवलेला. तरी अख्खा कोळीवाडा त्यांना नाखवाच म्हणायचा."

छापलेल्या चार ओळींपेक्षा हे एक वाक्य मोलाचे आहे. आजही आपल्या बंदरांत बोटीचा मालक तो नाखवा, बोट हाकणारा तो तांडेल आणि बाकीचे खलाशी, अशी विभागणी ऐकू येते. काही वेळा नाखवा आणि तांडेल एकच माणूस असतो, पण तो दोन कामे करतो म्हणून. शब्द दोन आहेत ते दोन पदांसाठी. ही विभागणी फार जुनी आहे. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त जहाजावरच्या माणसांचे बारा प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांत पहिला नाखुदा, म्हणजे जहाजाचा मालक, असे स्पष्ट लिहून हा शब्द 'नावखुदा'चा संक्षेप असल्याचेही नोंदवले आहे. जहाज कोठे जायचे ते नाखुदाने ठरवायचे. समुद्राची खोली, उथळ जागा आणि आकाशातले तारे जाणून ते तेथे नेण्याचे काम दुसऱ्या माणसाचे, ज्याला मुअल्लिम म्हणत. तिसरा तांडेल, खलाश्यांचा म्होरक्या. ज्याच्यावरून 'सारंग' हे आडनाव आले तो सरहंगही या यादीत आहे, आणि सुकाणू धरणारा सुक्कानगीरही. आपला सुकाणू अरबी 'सुक्कान'वरून आला, हे येथे सहज लक्षात येते. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या कोळीवाड्यांत जाऊन मतदारयादी उघडली, तर अबुल फजलची निम्मी यादी आडनावांच्या रूपाने सापडेल.

या शब्दाची पाटी ठाण्यात लागावी यात औचित्य आहे, हेही मालकांना सांगावेसे वाटले. त्यांना गिऱ्हाईक होते, म्हणून येथे सांगतो. ठाण्याची खाडी आज गाळाने भरली आहे, परंतु हजार वर्षांपूर्वी 'स्थानक' हे उत्तर कोकणच्या शिलाहारांचे मोठे बंदर होते. खारेपाटणला सापडलेल्या शिलाहार राजा अनंतदेवाच्या १०९४ सालच्या ताम्रपटात स्थानक, नागपूर, शूर्पारक आणि चेमूल्य या बंदरांत येणाऱ्या ठरावीक जहाजांना जकात माफ केल्याचे कोरलेले आहे. शूर्पारक म्हणजे सोपारा, चेमूल्य म्हणजे चौल. ताम्रपटातले नागपूर विदर्भातले नव्हे, कोकणकिनाऱ्यावरचे. या बंदरांचा व्यापार इराणी आखात आणि अरबस्तानाशी होता, आणि तिकडून येणाऱ्या जहाजाच्या मालाबरोबर जहाजावरची बोलीही धक्क्यावर उतरत असे. बंदर हा शब्द फारसी, जहाज अरबी. मग नाखुदा त्यांच्यामागून आला यात नवल नाही.

नाखुदा म्हणजे केवळ कप्तान नव्हे, तर ऐपतदार व्यापारी, हे पाहायचे असेल तर गुजरातेत जावे लागते. सोमनाथला १२६४ सालचा एक लेख आहे, संस्कृतात आणि अरबीत. वाघेला राजा अर्जुनदेवाच्या राज्यात होर्मुझहून आलेल्या नूरुद्दीन फिरोज नावाच्या नाखुदाने तेथे जमीन घेऊन मशीद बांधली आणि तिच्या खर्चाची कायमची सोय लावून दिली, असा त्याचा आशय आहे. संस्कृत लेखावर हिजरी ६६२, विक्रम १३२०, वलभी ९४५ आणि सिंह १५१ अशी चार कालगणनांतली वर्षे आहेत, आणि मला सर्वांत आवडते ते हे, की संस्कृत लिहिणाऱ्याने नाखुदाचा 'नाखू' करून टाकला आहे. द गळायला सुरुवात कोळीवाड्यात झाली नाही, ती फार आधीपासूनची आहे. हाच शब्द पूर्वेकडे मलायात 'नाखोडा' झाला आणि इंडोनेशियात आजही कप्तानाला तेच म्हणतात. इराणच्या नौदलात तो आजही हुद्द्याचे नाव आहे. कोलकात्याच्या नाखोदा मशिदीची पायाभरणी १९२६ साली झाली, आणि ती बांधणाऱ्या कच्छी मेमनांचा म्होरक्या जहाजांच्या धंद्यातला होता. आपल्या कोकणातल्या मुसलमानांतही नाखवा आणि नाखुदा ही आडनावे आहेत. एवढा प्रवास केलेल्या शब्दाला मेन्यूकार्डाने नाकात कोंबावे, याचे वाईट वाटले.

दुसऱ्या खेपेला मी दुपारी एकटाच गेलो आणि शेवटच्या पानापर्यंत मेन्यू वाचला. तेथे, भात आणि पापडाच्या खाली, बारीक अक्षरांत 'बोटीवरचे कालवण, १६० रुपये' असे छापले आहे. मागवले. स्टीलच्या वाडग्यात पातळ, पिवळसर लाल रस्सा आला. त्यात ढोमे होते, म्हणजे बाजारात ज्यांना फारसा भाव मिळत नाही असे मासे. खोबरे नाही, कांदा नाही, टोमॅटो नाही, फोडणीसुद्धा नाही. सालीसकट ठेचलेला लसूण, हळद, कोळी मसाला, मीठ, चिंचेचा कोळ आणि ताजा मासा एवढेच. पहिला घोट थोडा उग्र लागला, दुसऱ्याला जीभ जागी झाली, आणि नंतर मी भात दोनदा मागवला. माशाचा गोडवा कळण्यासाठी त्याच्या वाटेत काही ठेवलेले नव्हते.

हे कोणी केले, असे विचारल्यावर मालकांनी स्वयंपाकघरातून एका गृहस्थांना बाहेर बोलावले. वय साठीच्या पुढे, कमरेला पंचा, हाताला लसणाचा वास. ते वीस वर्षे ट्रॉलरवर भंडारी होते. बोटीवर स्वयंपाक करणाऱ्याला भंडारी म्हणतात. कोकणातला भंडारी समाज वेगळा, हे पद वेगळे, त्यांची गल्लत करू नये. मी त्यांना विचारले, की या कालवणात फोडणी का नाही. त्यांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे पाहिले. "साहेब, बोट डोलते ना. तेल तापवून ठेवलं आणि लाट आली, तर कुणाच्या अंगावर जाईल? सगळं टोपात कच्चंच घालायचं, झाकण दाबायचं आणि उकळू द्यायचं." खोबरे का नाही, याचे उत्तर आणखी सोपे होते: आठ दिवसांच्या फेरीत खवलेले खोबरे टिकत नाही. आणि ढोमे का, तर चांगला मासा बर्फात जातो, तो विकायचा असतो.

घरी आल्यावर मी पुन्हा अबुल फजलची यादी काढली. सहाव्या जागी भंडारी आहे. जहाजावरच्या सामानसुमानाचा, कोठाराचा प्रमुख. संस्कृत 'भांडागारिक' झिजून भंडारी झाला, आणि ज्याच्या हाती कोठाराची किल्ली तोच पुढे चुलीपाशी बसू लागला. एकाच जहाजावर मालकाचे नाव फारसी, सुकाणूचे अरबी आणि शिधा राखणाऱ्याचे संस्कृत. त्या यादीच्या काळात कोणाला त्याचे नवल वाटत नव्हते. माझे म्हणणे एवढेच, की या हॉटेलने पाटीवर चुकीच्या माणसाला बसवले आहे. नाखवा जहाजाचा धनी, त्याने माल आणि बाजार पाहावा; मालकही पहाटे भाऊच्या धक्क्यावर जाऊन स्वतः मासळी पारखतात, म्हणजे ते आपले काम चोख करतात. पण जेवायला येणाऱ्याने ज्याचे नाव विचारावे तो भंडारी, आणि त्याचे सर्वोत्तम कालवण शेवटच्या पानावर पापडाखाली दडवून ठेवले आहे. दाट लाल रस्सा कोणाचा, असेही मी विचारले. तो दुसऱ्या स्वयंपाक्याचा आहे आणि 'गिऱ्हाइकाला तसाच लागतो' असे मालकांचे मत आहे. असेल. पण ज्यांना तसाच लागतो त्यांना तो ठाण्यात पन्नास ठिकाणी मिळतो.

सेवेबद्दल थोडेसे. वाढणारी मुले तत्पर आणि नम्र आहेत, मात्र कोणता मासा आज ताजा आहे हे त्यांना ठाऊक नसते. ते मालकांनाच विचारावे. पहिल्या दिवशीच्या बिलात दोन भाकऱ्या जास्त लावल्या होत्या, त्या दाखवल्यावर तत्काळ वजा झाल्या. पाण्याची बाटली न मागता उघडून ठेवतात आणि तिचे पैसे लावतात. अबुल फजलच्या जहाजावर हिशेब लिहिणारा जो कर्रानी होता, तोच प्रवाशांना पाणीही वाटत असे. येथल्या गल्ल्यावरच्या गृहस्थांनी त्याच्या कामाचा दुसरा अर्धा भागही उचलावा, अशी माझी नम्र सूचना आहे. पंखे आहेत, वातानुकूलन फक्त मागच्या चार टेबलांना आहे. हात धुण्याच्या जागी लिंबाच्या फोडी ठेवलेल्या असतात, ही जुनी चांगली रीत त्यांनी सोडलेली नाही.

तिसऱ्या खेपेला मेन्यूकार्डाच्या पहिल्या पानावर पांढरा कागद चिकटवलेला दिसला. त्यावर हाताने लिहिले होते: 'नाखवा म्हणजे नावेचा धनी. नाव-खुदा, नाखुदा, नाखवा.' अक्षर शाळेतल्या मुलाचे असावे, पण शुद्धलेखनात काढण्यासारखी एकही चूक नव्हती. फक्त शेजारचे चित्र तसेच राहिले आहे: होडीच्या टोकावर, कपाळावर हात धरून दूर पाहणारा माणूस. मालक म्हणाले, जुनी दोनशे कार्डे संपली की नवीन छापू, तेव्हा चित्रकाराला माणूस मागे बसवायला सांगू. बोटीवरच्या कालवणाची जागा बदलणार का, या प्रश्नावर ते नुसते हसले.

सोमवारी हॉटेल बंद असते. दुपारी साडेबारा ते साडेतीन आणि संध्याकाळी सातपासून चालू असते. रविवारी पाऊण तास उभे राहावे लागते, आणि गाडी लावायला जागा नाही, तेव्हा रेल्वेनेच यावे. दोघांचे जेवण पापलेट न घेता आठशे-नऊशे रुपयांत होते. बोंबील, निवटे, भाकरी आणि बोटीवरचे कालवण घ्यावे, सुरमई आणि सोलकढी टाळावी. कालवण एकच टोप करतात आणि ते दुपारी दोनच्या आत संपते; संध्याकाळी मिळत नाही, कारण भंडारी चार वाजता घरी जातात.